कंटेनरमधले कांदे माझे होते

माझा मित्र द्राक्षं परदेशी पाठवतो. त्याच्या पॅकहाउसवर कस्टमची जप्ती आली आणि पुढे ती उठली. त्यानं साहेबांना 'मॅनेज' केलं, असं जुन्नरच्या बाजारात लोक अजून म्हणतात. ते खोटं आहे. खरं काय ते मला माहीत आहे, कारण चूक माझी होती.

आम्ही दोघं एका बाकावर शिकलो. म्हातारपणी त्यानं मला पॅकहाउसवर देखरेखीला बसवलं. दुबईचा व्यापारी एकदा आमच्याकडे आला, तेव्हा मी त्याला आणे गावातल्या माझ्या शेतातला कांदा फोडून भाकरीबरोबर दिला. तो इतका खूश झाला, की मी शब्द देऊन बसलो: पुढचा कांदा निघाला की वानवळा पाठवीन. आमच्याकडे नवीन पीक घरी येताच चार जणांना दिल्याशिवाय गोड लागत नाही.

कांदा निघाला तेव्हा निर्यातबंदी होती. ती मोठ्या व्यापाऱ्यांसाठी असणार, अशी मी मनाची समजूत घातली. शेवटच्या पॅलेटवर पाच-सहा जाळीच्या पिशव्या ठेवल्या, वर रिकामी खोकी रचली. इथं कुणाला बोललो नाही, फक्त दुबईच्या व्यापाऱ्याला मोबाइलवर निरोप धाडला.

बंदरावर कंटेनर उघडला गेला. द्राक्षांच्या नावाखाली हा माणूस आधीपासून कांदाच पाठवत असणार, असा अधिकाऱ्यांना संशय आला. पॅकहाउसच्या दारावर जप्तीची नोटीस लागली, शीतगृहाला सील ठोकलं. ऐन हंगाम होता. वेलींवर माल पिकत होता, आणि पॅकिंगला येणाऱ्या बाया दारातूनच परत जात होत्या.

महिनाभर मी गप्प राहिलो. तो रोज म्हणायचा, "तू हायेस म्हणून तग धरलाय, राव." ते ऐकलं की मी काहीतरी निमित्त काढून उठायचो.

त्याला पुन्हा जबाबासाठी बोलावणं आलं. गाडीत मी शेजारी बसलो आणि नारायणगाव मागे पडल्यावर सगळं सांगून टाकलं. त्यानं गाडी कडेला घेतली. बराच वेळ काच पुसत बसला. मग त्याला हसू फुटलं.

"लेका, वानवळा फडक्यात बांधून देत्यात. कंटेनरात न्हाई!"

"चुकलं माझं."

"चुकलं? अरे, मला रातध्याड वाटायचं, कोण वैरी निघाला! तू व्हय? लई बरं झालं."

कस्टमचे साहेब उत्तरेकडचे, तरुण होते. मी माझ्या मोडक्या हिंदीत वानवळा समजावू लागलो. त्यांनी विचारलं, भेट होती तर कागदावर का नाही?

"वानवळे का बिल होता है क्या, साब? अपने गाँव में माँ बेटी को भाजी देती है, तो पावती फाडती है क्या?"

शेजारचा कारकून मराठी होता. त्यानं फायलीत तोंड खुपसलं, पण खांदे हलताना दिसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी माझा जबाब शब्द न् शब्द लिहून घेतला आणि आधीच्या सगळ्या कंटेनरांचे कागद व वजनं तपासली. मी कांद्याबद्दल पाठवलेला निरोप व्यापाऱ्याच्या मोबाइलमध्ये होता, तोही मागवला. कुठंच दुसरा कांदा निघाला नाही. दंड झाला, आणि तो रास्तच होता. जप्ती मात्र उठली.

सील काढलं त्या सकाळी बायांनी दाराला आंब्याचं तोरण बांधलं होतं. एकीनं मालकालाच झाडू दिला, "महिनाभर बसून खाल्लं ना, आता झाडा!" तो खरंच झाडू लागला. दुपारी पहिली खोकी भरली, आणि मी इतका हसत होतो की माझी मोजणी दोनदा चुकली.

माझं नाव त्यानं आजवर कुणाला सांगितलं नाही. लोकांची बोलणी स्वतः खाल्ली. म्हणून हे लिहिलं, आणि काल त्याला वाचून दाखवलं.

"लोक हसतील तुला," तो म्हणाला.

"हसू देत. तुला चोर म्हणणार न्हाईत."

त्यानं कागदावर बोट ठेवलं. "पर एक चुकीचं लिवलंयस. गाडीत मी आधी हसलो नव्हतो. आधी तुला शिवी घातली व्हती."

ते खरं आहे. शिवी मात्र इथं लिहिता येण्याजोगी नाही.