कैची बंद झाल्यावर

माझ्या थोरल्या भावाचा उजवा गुडघा तळेगावच्या मैदानावर गेला. ज्या माणसामुळे गेला, तोच पुढच्या हिवाळ्यात आमच्या खेळ समितीत उभा राहिला आणि म्हणाला, "कैची बंद करा." विरोध केला तो एकट्या माझ्या भावाने. ऐकायला उलटं वाटतं, पण झालं तसंच. दादाची नोकरी त्या वादावर लटकली होती, म्हणून मला तो नीट आठवतो.

कबड्डीत कैची म्हणजे पायांची पकड. चढाई करणारा आत शिरला की कोपऱ्यातल्या गड्याने जमिनीवर झोकून द्यायचं, त्याचा पाय आपल्या दोन्ही पायांत धरायचा आणि अंगाला पीळ द्यायचा. चढाईवाला उभ्याचा आडवा होतो. दिसायला फार देखणी पकड. चुकली की गुडघा किंवा घोटा कामातून जातो. दादा पिपरीच्या संघाचा डाव्या कोपऱ्याचा गडी होता आणि कैचीसाठी तो पुलगाव-हिंगणघाटपर्यंत माहीत होता. तळेगावच्या एका दणकट शेतकरी गड्याने त्याची विद्या त्याच्यावरच चालवली, आणि दादाचं खेळणं संपलं.

खेळणं संपलं त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. तिशी ओलांडलेल्या माणसाला कधीतरी थांबावंच लागतं. अडचण पोटाची होती. दादा कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, जिनात, कामाला होता. काम हंगामी, आणि गुडघा असा झाल्यावर कापसाचे गठ्ठे उचलणंही बंद. त्याच सुमारास जवळच्या शहरातल्या एका हायस्कुलाचे ड्रिल मास्तर निवृत्त झाले. तिथले मुख्याध्यापक आमच्या समितीत होते. पिपरीची पोरं दादाने तयार केलेली, हे त्यांना माहीत होतं. ते मला एकदा म्हणाले, "तुमचे बंधू सातवी पास आहेत, तेवढं चालेल. पण ते खेळतात चांगलं हे मी पाहिलंय. शिकवतात कसं ते पाहायचंय." संक्रांतीनंतर पिपरीच्या पोरांचा शहरातल्या कॉलेजच्या संघाशी सामना ठरला होता. तो बघून निर्णय घेऊ, असं त्यांनी सांगितलं.

मी त्या समितीत कशी, तेही सांगते. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. आमच्या मुलींना खो-खोसाठी मैदान मिळत नव्हतं, म्हणून समितीत शिरले. अक्षर चांगलं म्हणून पुरुषांनी मला चिटणीस केलं. बाई आहे, मुकाट लिहीत बसेल, असा त्यांचा अंदाज होता. पहिल्याच बैठकीत मी कामांची यादी वाचून कोणाकडे कोणतं काम राहिलंय ते विचारलं, तेव्हा त्यांचा अंदाज बदलला.

राज्य नुकतंच बदललं होतं. वर्धा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, आणि त्याबरोबर कबड्डीच्या नियमांची एक नवी प्रतही आमच्या हाती आली. तोवर आमच्याकडे गावागणिक नियम वेगळे. कुठे बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होई, कुठे मेला तो मेला. पकड कशीही चाले. नव्या प्रतीत तोंड दाबणं, कपडे ओढणं आणि कैची, तिन्ही बंद होतं. आमच्या सामन्यांना हे लावायचं की नाही, यावर वकीलसाहेबांच्या ओसरीवर बैठक भरली. वकीलसाहेब आमचे अध्यक्ष; त्यांनी गावोगावच्या जुन्या गड्यांनाही बोलावलं होतं.

तळेगावचा गडी सगळ्यात आधी बोलला. "वकीलसाहेब, याचा गुडघा माह्या पायात होता. त्याचा आवाज मी आयकला. तुमच्यातल्या कोणी आयकला नाई. बंद करा कैची."

दादा भिंतीला टेकून पाय लांब करून बसला होता. "गुडघा कोणाचा गेला? माहा गेला. मी रडून राह्यलो का? मंग तू काऊन रडून राह्यला?"

"अबे, तुह्यासाठीच बोलून राह्यलो ना!"

"माह्यासाठी बोलाचं होतं त त्या दिवशी पाय ढिला सोडाचा होता लेका."

ओसरीवर हशा झाला. वकीलसाहेबांनी काठी आपटली. "मुद्द्याचं बोला. तुमचं म्हणणं काय?"

"माहं म्हणणं इतकंच," दादा म्हणाला, "का कैची वाईट नाई, अडाण्याची कैची वाईट. विळ्यानं बोट कापलं म्हून कोणी विळा फेकून देते का?"

"विळ्याखाली आपलं बोट राह्यते," तळेगावचा म्हणाला. "कैचीत दुसऱ्याच्या पोराचा पाय राह्यते. त्याच्या मायले जाऊन तू सांगशीन का?"

दादा आपला गुडघा चोळायला लागला. त्याच्या विरोधाचं खरं कारण त्याला तिथे सांगता येत नव्हतं, आणि मला ते पक्कं माहीत होतं. कैची हीच त्याची पुंजी. पोरांना त्याने तीच शिकवली होती. ती गेली तर शाळेत जाऊन तो शिकवणार काय?

हात वर करायची वेळ आली. मुख्याध्यापकांनी बंदीच्या बाजूने हात वर केला. मीही केला. मोडलेल्या गुडघ्याचा माणूस तळेगावाहून बैलगाडीत घालून आणताना प्रत्येक खड्ड्याला काय करतो, ते मी पाहिलं होतं. उद्या आमच्या मुली कबड्डी खेळायला लागल्या तर मी त्यांना कैचीत जाऊ देणार नव्हते. मग दुसऱ्यांच्या मुलांना तरी का? हात वर करताना मला दुविधा नव्हती, आणि आजही नाही. कैची बंद झाली, आणि आमच्या सामन्यांचे नियम लिहून काढायचं काम चिटणीस म्हणून माझ्याकडे आलं.

परतीच्या वाटेवर मी सायकल हातात धरून चालत होते आणि दादा लंगडत. पिपरीच्या वाटेला लागल्यावर त्याने सायकलचं हँडल धरून मला थांबवलं. मग म्हणाला, "तू पण?"

"मी पण."

"आता त्या हेडमास्तरले काय दाखवू? लेझीम?"

"घरी चल. जेवून घे. मग सांगते."

जेवण झाल्यावर मी कागद घेऊन बसले. माझी पद्धत साधी आहे: डोकं गरगरायला लागलं की कागदावर उतरवायचं. मी विचारलं, "कैचीशिवाय तुला काय काय येतं?"

"काईच नाई."

"बरं. मग कैची मारायच्या आधी काय करतोस ते सांग."

"आधी काय करतो? काईच नाई. मारतो."

"दहा जण चढाईला येतात. सगळ्यांवर तू झेप घेत नाहीस. एखाद्यावरच घेतोस. त्याच्यावर का?"

त्याने सुपारी गालात सारली. मग हळूहळू निघायला लागलं. ज्याची मागची टाच उचलली तो अजून पुढे येणार, त्याला येऊ द्यायचं. ज्याची टाच टेकली तो परत फिरणार, त्याला त्याच वेळी धरायचं. आवाज वर चढला की दम संपत आला. डोळे मधल्या गड्याकडे असले तर हात कोपऱ्यावर पडणार. तो सांगत गेला, मी लिहीत गेले. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. त्यात कैची कुठेच आली नव्हती. मी ते त्याला वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "हे त कोणालेही समजते बाई."

"मला समजत नव्हतं," मी म्हटलं. "तुझ्या पोरांनाही समजत नाही. त्यांना तू शेवट शिकवलास. सुरुवात शिकवलीच नाहीस."

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी बदलली. शाळा सुटली की मी मैदानावरून घरी जाई, त्यामुळे सगळं दिसे. दादा खुर्ची टाकून बसायचा आणि पोरांना फक्त चढाई करणाऱ्याचे पाय बघायला लावायचा. पहिले काही दिवस पकड करायचीच नाही! पोरं कंटाळली. "वस्ताद, आमाले पाय पाहून पाहून झोप येऊन राह्यली," असं एकाने म्हटलं, तर दादाने त्यालाच चढाईला पाठवलं आणि आधी सांगितलं, "हा आता डावीकडे हात टाकन." टाकला. त्यानंतर कोणी कंटाळलं नाही. मग घोट्याची पकड आली, दोघांनी हात गुंफून धरायची साखळी आली. धरलेल्याला दुखवू नका, हे मात्र त्याला वेगळं शिकवावं लागलं नाही. ती सगळी पोरं आखाड्यातली. आखाड्यात चीत होत आलेल्या माणसाने जमिनीवर पंजा आपटला की सोडायचं, हा आमच्याकडचा जुना रिवाज. तिथे कोणी शिट्टीची वाट पाहत नाही. पोरं कबड्डीतही तेच करत. पंजा वाजला की हात सुटले. आम्हाला त्यात वेगळं असं काही दिसलंच नाही.

सामन्याला गर्दी झाली. बोरगावहून, पिपरीहून लोक आले. पंच म्हणून तळेगावच्या त्याच गड्याला बोलावलं होतं, कारण तो दोन्हीकडचा नव्हता. दादा त्याला म्हणाला, "शिट्टी वाजवता येते का तुले? का तेही पायानं वाजवशीन?"

"तू बाहेर बस चुपचाप. रेषेच्या आत आला त तुलेच बाद करीन."

पोरं सुरेख खेळली. कॉलेजचे गडी चपळ होते, पण आमच्या कोपऱ्यांना त्यांचे पाय वाचता येत होते. कैचीची कोणाला आठवणही झाली नाही. मुख्याध्यापक पुढे वाकून बघत होते आणि मी त्यांच्याकडे बघत होते. शेवट आला तेव्हा आमच्या संघाकडे थोडी आघाडी होती. कॉलेजचा सगळ्यात चांगला चढाईवाला आत आला. डाव्या कोपऱ्याने घोटा धरला, मागून साखळीने कंबर धरली. तो तोंडावर पडला. तिघे त्याच्यावर. दम चालूच होता, "कबड्डी, कबड्डी." त्याने हात लांब केला आणि पंजा जमिनीवर आपटला.

तिघांनीही त्याला सोडलं. एकाने तर उठवायला हात पुढे केला. तो तसाच पुढे घसरला आणि बोटं मधल्या रेषेला लावली. दम शाबूत. शिट्टी वाजली. तिघे बाद, सामना गेला.

दादा लंगडत आत धावला. "पंजा आपटला ना त्यानं! दिसला नाई का तुले?"

"दिसला," पंच म्हणाला. "आवाजही आयकला. पण पंजाचं नियमात काई लिहिलं नाई. तुह्याच बहिणीनं लिहिले नियम, तिले विचार."

खरंच लिहिलेलं नव्हतं. मी चार लोकांसमोर तसं सांगितलं. कॉलेजचा मुलगा गोंधळून उभा होता. मुख्याध्यापकांनी त्याला विचारलं, "तू हार मानली होतीस का?"

"नाही सर. मी रेषेला हात पुरवत होतो. हे सुटले कसे, मलाच कळलं नाही."

तो खोटं बोलत नव्हता. त्याने आखाडा कधी पाहिलाच नव्हता. पिपरीचे लोक मात्र तापले होते. फसवलं, म्हणत होते. दादाने एकदा पोरांकडे पाहिलं, एकदा त्या मुलाकडे, आणि लोकांना हाताने गप्प केलं.

मुख्याध्यापक दादाला म्हणाले, "तुमची मुलं हरली. हातात आलेला सामना सोडला. शाळेत आलात तर काय शिकवाल? पंजा वाजला तरी सोडू नका?"

मला वाटलं, तो आता एक तर 'हो' म्हणेल, नाहीतर रिवाजाची बढाई मारेल. दोन्हींनी नोकरी गेली असती.

"नाई सर. पंजा वाजला त सोडतीनच. ते मी बदलणार नाई. सोडलं नाई म्हून एक गुडघा गेला, तेवढा पुरे." पंचाने मान खाली घातली. दादा पुढे म्हणाला, "पण आज त्यायनं फक्त आवाज आयकला. पंजा कुठं पडला ते पाह्यलं नाई. हार मानणाऱ्याचा हात आपल्या बाजूले पडते, छातीपाशी. याचा गेला रेषेकडं, बोटं लांब करून. पाय पाहाले मी शिकवलं, हात पाहाले शिकवलं नाई. चूक पोरांची नाई."

मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला. "सोमवारी प्रार्थनेच्या आधी या," ते म्हणाले. "सध्या हंगामी. वर्षभर पाहू."

ते गेल्यावर तळेगावचा गडी शिट्टी खिशात घालत म्हणाला, "म्हंजे आता तुले मास्तर म्हणा लागन?"

"गुर्जी म्हण. आन् तळेगावची पोरं घेऊन येजो माह्या शाळेत. कैची न मारता हरवतो तुमाले."

"येतो. पण पंच कोण राहीन?"

"माही बहीण. तिच्यासमोर तुही जीभ चालत नाई."

मी म्हटलं, आधी मुलींना मैदान, मग पंचगिरी. ते वकीलसाहेबांच्या कानावर जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं, कारण ते अजून चपला शोधत होते.

पिपरीकडे निघालो तेव्हा ऊन कलत होतं. बाद झालेली ती तिघं पोरं मान खाली घालून मागून येत होती. मला वाटलं, दादा आता त्यांना धीर देईल. तो वाटेतच थांबला, चपलेच्या टोकाने धुळीत एक रेघ ओढली आणि त्यातल्या एकाला म्हणाला, "चाल, पड इथं. हात लांब कर." मग दुसऱ्या दोघांकडे वळला. "आता सांगा, हा मेला का जिवंत आहे?"