धुराड्यातला बोळा

कुसुमताई रहिमतपूरजवळच्या आमच्या गावी सिस्टर म्हणून आल्या, तेव्हा आमची पहिली भेट भांडणानेच झाली. घरात धूर कोंडलेला आणि या बाई दारातून थेट चुलीपाशी. "आवं, पावणी मानसं सोप्यात बसत्यात," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, मी पाहुणी नाही, छाती तपासायला आले आहे. चार दिवसांत बदली मागतील, असा माझा अंदाज होता. त्या निवृत्तीपर्यंत राहिल्या.

त्यांनी घरोघरी धुराड्याच्या चुली बसवून घेतल्या. गवंडी मिळाला नाही तिथे स्वतः माती कालवली.

माझी चूकही सांगते. सून शालन लिहून घेते आहे, तिने गाळू नये. मक्याच्या बियाण्याची कणसं आम्ही चुलीवर टांगतो, धुराने किडा लागत नाही म्हणून. नव्या चुलीचा धूर सगळा धुराड्यातून बाहेर जाऊ लागला, तेव्हा मी धुराड्यात पोत्याचा बोळा कोंबला. ताई आल्या की काढायचा, गेल्या की पुन्हा कोंबायचा. मी स्वतःला लय शहाणी समजत होते.

शालनची सहा महिन्यांची लेक चुलीजवळच झोळीत असे. तिची छाती घरघरू लागली, दूध ओढेना. ताई धावत आल्या. पोरीला उचललं, वर पाहिलं, बोळा दिसला.

"आक्का, बियाणं जगवायचंय की नात?"

मिळेल त्या एस.टी.ने ताई पोरीला आणि शालनला साताऱ्याच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. पोरीचा श्वास सुधारेपर्यंत तिथेच राहिल्या.

परतल्यावर रागावल्या नाहीत. शिडीवर चढून कणसं उतरवली, वाळवली, दाणे राख आणि कडुलिंबाचा पाला घालून डब्यात भरायला लावले. झोळी चुलीपासून लांब, पुढच्या सोप्यात आली, ओलं सरपण बंद झालं. पेरणीला बियाणं चांगलं उगवलं.

बायकांच्या बैठकीत त्या ही गोष्ट माझं नाव न घेता सांगत. मीच म्हटलं, "नाव घ्या की, तेवढंच माझं नाव हुईल." त्यांनी घेतलं, आणि आणखी चार घरांतले बोळे निघाले. शहाणी मी एकटीच नव्हते.

ती नात आता चौथीत आहे. शाळेला पळत जाते, मी हाक मारली तरी थांबत नाही.

ताईंना साठ वर्षं पूर्ण झाली. त्यांना उदंड आयुष्य लाभो, अंगात ताकद राहो. नातीच्या लग्नात त्यांनी अक्षता टाकायला यावं, आणि आचाऱ्याची चूल मांडवापासून लांब हलवायला लावावी. तो कुरकुरला तर मी आहेच.