मांजरीलाही दही

मांजरीचं ते पिल्लू आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली, जुन्या कूलरच्या सांगाड्यात जन्मलं. पुंडलिकनगरातल्या कुत्र्यांनी आई आणि भावंडं संपवली. उरली ही एकटी, आणि महाखट. दुधाची वाटी ठेवली की फिस्कारायची, हात पुढे केला की ओरबाडायची. मीही जिद्दीला पेटले. दोन महिने रोज संध्याकाळी पायरीवर बसून तिला माणसाळवलं. कुणी सांगितलं नव्हतं. घरात आणल्यावर ती पहिल्यांदा माझ्या मांडीवर झोपली, तेव्हा मला गड सर केल्यासारखं वाटलं.

कसला गड? सोमवारी सकाळी कळलं. शेंद्र्याच्या एका कारखान्यात मी नोकरी करते, सातला कंपनीची बस येते. मी पर्स उचलली आणि तिनं असा आकांत मांडला की शेजारचे दार उघडून बघायला लागले. संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "दिवसभर दारापाशी बसून वरडली. दुधाला तोंड लावलं नाय. मला तर जवळ बी येऊ देत नाय."

चांगल्या कामाला निघणाऱ्याच्या हातावर दही ठेवायचं, ही आपली रीत. आमच्या सासूबाई तर रोज कामावर जातानाही माझ्या हातावर ठेवतात. मला वाटलं, हिलाही चमचाभर द्यावं. चाटण्याच्या नादात मी गेलेली कळणार नाही. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होते. आठवड्याभरात अशी गत झाली की फ्रिजमधून दह्याचं भांडं निघालं की ही किंचाळायला लागायची. कढीसाठी काढलं तरी तेच. दही म्हणजे मी जाणार, एवढंच ती शिकली होती, आणि शिकवणारी मीच. घरात कढी बंद झाली.

स्वतःचं अंग चाटून चाटून तिनं पोटावरचे केस घालवले, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "मॅडम, निघताना लाड करू नका. सुट्टीच्या दिवशी सराव करा. बाहेर जायचं, अर्ध्या मिनिटात परत यायचं. मग एक मिनिट, मग दोन."

म्हणून दर रविवारी पर्स, डबा, गळ्यात ओळखपत्र असा सगळा जामानिमा करून मी स्वतःच्याच दाराबाहेर जिन्यावर बसू लागले. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दोन रविवार पाहिलं. तिसऱ्या रविवारी हळूच म्हणाल्या, "सासूनं बाहेर काढलं का गं? चल, आमच्याकडं चहा घे." मांजरीचा सराव चाललाय म्हटलं, तर त्यांचा विश्वास बसला नाही. सासूबाई चार दिवस धुसफुसत होत्या.

पाच मिनिटांपर्यंत आम्ही पोचलो. सहाव्याला ती दार ओरखडायची. माझी ड्यूटी जाण्यायेण्यासकट दहा तासांची. या गतीनं ती सावरेपर्यंत मी रिटायर झाले असते. नोकरी सोडणं शक्य नव्हतं. सासूबाई एकदा वैतागून म्हणाल्या, "आणली तिथं नेऊन सोड." मग स्वतःच म्हणाल्या, "सोडून बी काय, आता कुठं जगती ती बाहेर." खरंच होतं. जगायला लागतं ते भय मीच तिच्या अंगातून काढून टाकलं होतं.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी सासूबाईंनी दारातच सांगितलं, "आज नाय रडली बघ." दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. बसमध्ये पेढे वाटायचंच मी बाकी ठेवलं होतं.

चौथ्या दिवशी अंगात कसकस होती म्हणून दुपारीच घरी आले. ती पलंगाखाली भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी हाक मारली. कान हलला, मान वळली नाही. हात लावला तर तिनं अंग चोरलं.

"आता खाती, पिती, गुमान बसती," सासूबाई म्हणाल्या. "लई झालं होतं. सुटलीस तू."

मी फरशीवरच बसून राहिले. इतके दिवस ती रडायची, कारण रडलं की मी येईन असं तिला वाटायचं. आता तिला तसं वाटत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. पण डॉक्टरांना काय सांगणार? मांजर गप्प झाली, यावर औषध द्या?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उघड्या दारात मुद्दाम रेंगाळले. एक हाक येईल म्हणून थांबले, अजून थोडी थांबले. माझी बस चुकली, आणि तिला ते कळलंही नाही.