हसायचं ते बसून

रात्री लवकर झोपत जा, असं आजवर मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्या सगळ्यांना एका रांगेत उभं केलं, तर ती रांग खांदा कॉलनीतून निघून कर्नाळ्याच्या पायथ्याशी पोचेल, आणि शेवटचा माणूस गाठेपर्यंत मी वाटेत दोनदा झोपलेली असेन. मी रात्री लवकरच झोपते. दुपारीही झोपते. सकाळी दहा वाजता, सातवी ब च्या वर्गात, फळ्यावर अपूर्णांक लिहिता लिहिता फळ्याला कपाळ टेकवूनही झोपले आहे. मुलं फार गुणी. त्यांनी आवाज केला नाही, उलट शेजारच्या वर्गाला जाऊन गप्प बसायला सांगितलं.

लोकांना वाटतं, झोप म्हणजे डोळे मिटून घोरणं. माझी झोप इतकी सरळ नाही. कधी कधी हात चालू असतात आणि आत कोणीच नसतं. अशा अवस्थेत मी एकदा चाळीस वह्या तपासल्या. दुसऱ्या दिवशी एका मुलाची आई वही घेऊन शाळेत हजर. त्रिकोणाच्या क्षेत्रफळाच्या गणिताखाली मी लाल शाईनं, स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, ‘छान. मीठ बेताचं. झाकण ठेवून वाफ काढा.’ त्या मुळीच रागावल्या नव्हत्या. त्यांना फक्त विचारायचं होतं की हे मुलानं करायचं की पालकांनी.

माहेरी या सगळ्याला एकच शब्द होता, आळस. आमचं माहेर मूळचं साताऱ्याचं, वडील सरकारी कचेरीतले, बदली होऊन पनवेलला आलेले. आमच्या घरी हसणं म्हणजे ओठ जरासे ताणणं, तेही पाहुणे आले तर. लग्न केलं ते उरणकडच्या कोळ्यांच्या घरात. नवरा बंदरात नोकरीला. सासूबाईंनी तीस वर्षं पनवेलच्या बाजारात बसून मासळी विकली. गुडघे गेले तेव्हा पाटी सोडली आणि थोरल्या दिरांकडून आमच्या घरी राहायला आल्या. पाटी सोडली, तोंड सोडलं नाही. सोसायटीचे चेअरमन जिना कसे चढतात, दुधवाला सुट्टे नाहीत हे कसं सांगतो, माझे वडील गरम चहा पिताना चेहरा कसा कोरा ठेवतात, हे सगळं त्या ओट्यापाशी उभ्या राहून करून दाखवायच्या.

आणि तेव्हा मला माझं दुसरं दुखणं कळलं. मी मनापासून हसले की पडते. आधी जबडा सैल होतो, मग मान, मग गुडघे, आणि मी भिंतीवरून ओल्या टॉवेलसारखी घसरत खाली येते. शुद्ध जात नाही. सगळं ऐकू येतं, फक्त बोटसुद्धा हलवता येत नाही. मिनिटभरात पुन्हा ठणठणीत. माहेरी हे कधी झालं नव्हतं, कारण माहेरी तशी वेळच आली नव्हती.

सुरुवातीला सासूबाईंना याचा अभिमानच वाटला. तीस वर्षं बाजार हसवला, पण एकही गिऱ्हाईक जमिनीवर लोळलं नव्हतं. इथे घरचीच सून लोळत होती. त्या नातेवाइकांना फोन करून सांगायच्या. मला उठवायची घाईही करायच्या नाहीत. मी पडलेली असतानाच पुढचं सुरू करायच्या, म्हणजे मिनिटभराचं काम पाच मिनिटं चालायचं.

एका रविवारी मी कोलंबीच्या रश्शाचं पातेलं गॅसवरून टेबलावर नेत होते. त्यांनी जिना चढणारे चेअरमन करून दाखवले. माझे गुडघे गेले, पातेलं हातातून सुटलं आणि उकळता रस्सा त्यांच्या डाव्या पायावर पडला. त्या ओरडल्या नाहीत. खाली बसलेल्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, कारण पातेलं माझ्या कानाजवळून गेलं होतं. पायाला महिनाभर पट्टी होती आणि त्या महिन्यातच नवऱ्यानं मला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून झोपेची तपासणी करायला सांगितली. रात्रभर डोक्याला वायरी लावून झोपायचं आणि दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी, सांगतील तेव्हा, पुन्हा झोपून दाखवायचं, असं पाच वेळा. सासूबाईंना हे पटेना. "झोपाची परीक्षा? आनि ती हिची? पयला नंबर ठेवलेला हाय," असं म्हणून त्या लंगडत सोबत आल्या. मी पाचही वेळा नर्सचं वाक्य संपायच्या आत झोपले. आयुष्यात कुठल्याच परीक्षेत मला पैकीच्या पैकी मिळाले नव्हते.

आजाराला नाव मिळालं. आळस नव्हे, आजार. मेंदूत जागं ठेवणारं एक रसायन असतं, ते माझ्याकडे जवळपास नाही. मी डॉक्टरांच्या खुर्चीतच रडले. इतकी वर्षं मी स्वतःलाच शिव्या घातल्या होत्या. सकाळची गोळी मिळाली, दुपारी वीस मिनिटांची झोप औषध म्हणून लिहून मिळाली. ती मी आता शाळेच्या प्रयोगशाळेत सांगाड्याशेजारी घेते. आणि डॉक्टरांनी हसण्याबद्दल सांगितलं, की हसू आल्यावर स्नायूंची ताकद जाते, तेव्हा हसू येतंय असं वाटलं की आधी बसा आणि हातात गरम काही धरू नका.

सासूबाईंनी यातलं पहिलं अर्धंच ऐकलं. घरी आल्याबरोबर त्यांनी जाहीर केलं की या घरात आता हसणं बंद.

पुढचे तीन आठवडे आमच्या घरात सुतक होतं. नवरा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले विनोद आधी स्वतः वाचून, तोंड पाडून, पुसून टाकायचा. टीव्हीवर फक्त शेअर बाजार. समोरच्या काकू एकदा चहाचा थर्मास घेऊन आल्या आणि कोण गेलं म्हणून हळूच विचारून गेल्या. सासूबाईंनी तर गंभीर बोलायचं म्हणून स्वतःची भाषाच सोडली. गंभीर माणसं टीव्हीवर बोलतात तशी बोलतात, असा त्यांचा समज. एका सकाळी त्या माझ्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सूनबाई, आपण अल्पोपहार ग्रहण केला काय?"

मी फ्रिजला धरलं. उपयोग झाला नाही. फ्रिजचं दार उघडलं आणि मी त्याच्यासकट बाहेर येऊन भाजीच्या टोपलीपाशी बसले. त्या घाबरून गेल्या. मग त्यांनी मला पेपरातल्या पाणी बंदच्या सूचना वाचून दाखवायला सुरुवात केली, कोणत्या सेक्टरला किती ते किती, शोकसभेच्या आवाजात. मी पुन्हा खाली. मान टाकून पडल्या पडल्या मला दिसत होतं की त्यांचे ओठ थरथरतायत. त्यांना वाटत होतं, आपण काहीही केलं तरी ही पोर मरणार.

त्यानंतर त्या बोलायच्याच थांबल्या. चहा ठेवायच्या, चहा द्यायच्या, आणि खोलीत जाऊन बसायच्या. मी पडत नव्हते. आठवडाभर एकदाही पडले नाही. नवरा म्हणाला, बघ, औषध लागू पडलं. मला त्याच्या डोक्यात पातेलं घालावंसं वाटलं.

मग एका रविवारी सकाळी, नवरा पहिल्या पाळीला गेलेला असताना, त्या नेसायची लुगडी पिशवीत भरून दाराशी आल्या. उरणच्या गाडीनं थोरल्याकडे निघाल्या होत्या, कायमच्या.

"तिकडं माज्या बोलन्याला कोनी हसत नाय," त्या म्हणाल्या. "त्या दिशी पायावर पडला. उद्या तुज्या तोंडावर पडंल. मना नको गो ती मजा."

मला राग आला. माझा राग आणि हसू यांच्यात फारसं अंतर नाही, दोन्हीत गुडघे जातात. म्हणून मी आधी खाली बसले, दाराला पाठ लावून, वाट अडवून. हातात काही नाही, जवळ गॅस नाही. आणि बोलले.

"अहो आई, तुम्ही गेलात की मी कधीच पडणार नाही. गोळी घेईन, शाळेत जाईन, झोपेन, उठेन. माहेरी पंचवीस वर्षं अशीच उभी होते. मला नाही तसं उभं राहायचं. डॉक्टरांनी हसू नका म्हटलेलं नाही, बसून हसा म्हटलंय. ही बघा, बसलेय."

मग त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि चपलांच्या कपाटाला धरून, एक गुडघा, मग दुसरा, आई गं आई गं करत माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. गुडघे गेल्यापासून त्या जमिनीवर बसल्या नव्हत्या. त्यांनी माझा गाल अंगठ्यानं दाबून बघितला. खालची पापणी ओढून डोळ्यात बघितलं. कान वर करून मागे बघितलं, मासळी घेताना कल्ले बघतात तसं. मग माझ्या डोक्यावरून, बंद दाराकडे तोंड करून, तिथे उभ्या नसलेल्या कुणा गिऱ्हाइकाला बाजारातल्या आवाजात म्हणाल्या, "ताजी हाय बाई. आत्ताच निजलेली. कालची नाय."

माझा जबडा गेला, मान गेली, आणि मी आडवी झाले. डोकं जमिनीवर आपटलं नाही, कारण त्यांचा हात आधीच खाली होता.

मिनिटभरानं माझं अंग परत आलं. त्यांचे गुडघे मात्र उठायचं नाव घेईनात. मी त्यांचे दोन्ही हात धरून ओढायला लागले की त्या भाव सांगायच्या, आणि मी पुन्हा त्यांच्या मांडीवर. असं किती वेळा झालं कुणास ठाऊक. मधे मी थोडी झोपलेसुद्धा. उरणची गाडी गेली, तिच्यानंतरचीही गेली. दुपारी नवरा कामावरून आला तेव्हा दार पुरतं उघडेना, कारण आम्ही दोघी दारातच होतो. त्यानं फटीतून कसंबसं अंग आत घेत आधी पिशवी उचलून आत लांब ठेवली, आणि मग आम्हाला उठवायला लागला.