गाद्यांच्या खोलीतल्या मावशी

दुपारची जेवणं उरकली की आमच्या बालवर्गाची सगळी सत्ता मावशींच्या हाती जायची. तोवर मी बाई. तक्ते माझे, शिट्टी माझी. पण मावशींनी पडदे ओढून बावीस गाद्या अंथरल्या की मलासुद्धा चपला दाराबाहेर काढाव्या लागत.

सव्वीस वर्षं त्या एकच काम करत होत्या: तीन ते पाच वर्षांच्या पोरांना झोपवणं. शिक्षण बेताचं, गुडघे दुखरे, जीभ तिखट. पण कोण पालथं झोपतं, कोणाला स्वतःचा कान धरल्याशिवाय झोप येत नाही, सगळं तोंडपाठ. पोरं झोपेतच मोठी होतात, हे त्यांचं ठाम मत. "सकाळी ज्याला लंगडी जमत नाही ना बाई, तो दुपारी उठला की घालतो बघा." मी पडले पदवीवाली, हसण्यावारी न्यायचे. पण पुष्कळदा त्यांचंच खरं निघायचं आणि माझी चिडचिड व्हायची.

त्या वर्षी वर्गात चार वर्षांची एक मुलगी होती. बटणं स्वतः लावायची, कात्रीने गोल कापायची, ठोकळ्यांचे पूल बांधायची. पण तोंडातून अवाक्षर काढेल तर शपथ! घरी म्हणे अखंड बडबड. मी चित्रं दाखवली, लाडीगोडी लावली, शेवटी आवाजही चढवला. शुक्रवारी तिचा प्रगतीचा तक्ता भरायचा होता. त्यात 'बोलत नाही' असं लिहिलं की मोठ्या वर्गाचं दार बंद. तिची आई रडकुंडीला आली होती.

गुरुवारी मावशी म्हणाल्या, "बाई, आज पोरांत येऊन पडा. डोळे मिटून. आणि इथलं काही बाहेर सांगायचं नाही."

मी पडले. पडद्यातून पिवळसर उजेड झिरपत होता. बावीस श्वास संथ चालले होते आणि मावशींचा हात कुणाच्या तरी पाठीवर हलकेच पडत होता. अंग सैल होत गेलं, आपण किती वर्षांचे आहोत तेच कळेना. जवळच नवा आलेला मुलगा मुसमुसत होता. मग एक बारीक, स्वच्छ आवाज आला.

"रडू नकोस. बाई झोपल्यात. आता बोललं तरी चालतं."

तीच ती! मग बोलतच सुटली. "माझा पूल आहे ना, त्याच्यावरून तुला आईकडे नेते. मधेच मोडला तर मी परत बांधीन. मला येतो बांधायला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण डोळे उघडले तर ती गप्प होईल, या धास्तीने मी तशीच पडून राहिले. मावशींचा हात एकदा माझ्याही पाठीवर पडला.

मुलं उठल्यावर मी तक्ता पुढे ओढला. मावशी गाद्या झटकत होत्या. 'बोलणं' या रकान्यात मी लिहिलं, उत्तम. त्याखाली 'अडचणी' असा रकाना होता. तिथे बराच वेळ पेन अडलं. मग लिहिलं: वर्गशिक्षिका.