दोघांतलं सारखेपण

मी खामगावच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो. माझा भाऊ उंद्रीला शेती करायचा. आम्ही जुळे, तो काही मिनिटं आधी आला, म्हणून थोरला. चेहरे इतके सारखे, की उंद्रीच्या फाट्यावर मी बसमधून उतरलो की लोक मलाच विचारायचे, फवारणी झाली का म्हणून.

एकदा वावरात बसलो असताना त्यानं विचारलं, "तू पोरायले शिकवतं तरी काय बे?"

मी त्याला सामान्याचा जुना वाद सांगितला. गाई वेगवेगळ्या असतात, तरी प्रत्येकीला आपण गायच म्हणतो. मग 'गाईपण' असं खरोखर काही असतं का? नैयायिक म्हणतात, असतं. ते एकच असतं आणि प्रत्येक गाईत पूर्णच्या पूर्ण असतं. बौद्ध म्हणतात, असतात त्या फक्त एकेक गाई, बाकी सगळी बोलायची सोय. मी नैयायिकांच्या बाजूचा होतो.

त्यानं थोडा विचार केला. "मंग आपलं सारखेपण कोणापाशी हाय? तुह्यापाशी का माह्यापाशी?"

"दोघांपाशी. पूर्ण."

"अन् एक मेला तं?"

"दुसऱ्यात पूर्णच राहते. काही कमी होत नाही."

"मस्त काम हाय तुमचं," तो म्हणाला, आणि मोटर बंद करायला उठला.

तो आषाढात गेला. वावरातून घरी येताना बांधावरच बसला, तो उठला नाही. मी पोचलो तेव्हा अंगण भरलं होतं. मला पाहून शेजारची एक बाई किंचाळली आणि तोंडात पदर कोंबून खाली बसली. मला रडू आलं नाही. कोण काय बोलतंय ते ऐकू येत होतं, सांगितलेलं काम हात करत होते. तेवढंच.

तेरवीनंतर निघालो तेव्हा वहिनी दाराशी आल्या. तेरा दिवसांत त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. आताही उंबऱ्याकडे पाहत म्हणाल्या, "भाऊजी, राग मानू नका. थोडे दिवस येऊ नका."

"बरं," मी म्हणालो. का, ते विचारायची गरज नव्हती.

पुढं कॉलेजात नेमका तोच धडा आला. मी दोन्ही बाजू नीट मांडल्या. आवाज कुठं अडकला नाही. पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, तुमचं मत काय?"

दरवर्षी या प्रश्नाची मी वाट पाहायचो. या वेळी म्हणालो, "माझं मत नाही." तिनं ते वहीत लिहून घेतलं, आणि मी हजेरी घेतली.

दाढी करणं सुटलं होतं. ठरवून नाही. वस्तरा हातात घ्यायचो, आरशात पाहायचो, आणि परत ठेवून द्यायचो.

दिवाळीच्या तोंडावर वहिनींचाच फोन आला. "सोयाबीन काढून राह्यलो. या."

मी गेलो. दारात त्यांनी मला पहिल्यांदा नीट पाहिलं, बराच वेळ.

"दाढी शोभत नाही तुमाले."

"हाव."

"राहू द्या पण."

त्यांनी चहा दिला. थ्रेशरवाला दुपारपर्यंत येणार होता, पण वर ढग जमायला लागले होते. आम्ही दोघं वावरात गेलो आणि कापून ठेवलेल्या सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री ओढायला लागलो. वहिनींनी एक टोक धरलं. "तिकडून ओढा, भाऊजी," त्या म्हणाल्या. वारा होता. मी माझ्याकडच्या टोकावर दगड ठेवले, आणि मग त्यांच्याकडच्या.