सभासद नसलेल्या प्रतिमाकाकू

१६ मार्च २०२५, रविवार. सकाळी बर्फ भुरभुरला, मग थांबला. चणे भिजत घातले. जेवणानंतर सभा. आज शाळेचा निर्णय.

एवढं लिहून प्रतिमाकाकूंनी डायरी मिटली आणि कोट चढवला.

आयोवातल्या हेझल ग्रोव्ह या खेड्यातली ही क्वेकर या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची शाळा. गुलामगिरीतून सुटून आलेल्यांच्या मुलांना कुणी बाकावर बसू देत नव्हतं, त्या काळात इथल्या शेतकऱ्यांनी स्वतः विटा भाजून ती बांधली. काकू गणित शिकवायला आल्या तेव्हा पहिल्याच दिवशी एक पोरगं म्हणालं, "गुड मॉर्निंग, प्रतिमा!" नाशिकच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरसमोर मानही वर न केलेल्या काकूंना घाम फुटला. क्वेकर कुणालाच सर-मॅडम म्हणत नाहीत, हे नंतर कळलं. आता नवरा गेला, मुलगी शिवांगी दूर फ्रीमाँटला, मराठी शेजाऱ्यांत. काकूंना नुसतं प्रतिमा म्हणणारी इथलीच माणसं तेवढी उरली होती.

क्वेकरांच्या सभेत मतं मोजत नाहीत. सगळे गप्प बसतात, आतून वाटेल तो उठून बोलतो. एकानं जरी 'मला मान्य नाही' म्हटलं, तरी निर्णय थांबतो. काकूंची सगळी भिस्त त्यावरच होती.

"मुलं येत नाहीत, छप्पर गळतंय. जूनमध्ये शाळा बंद करावी," सभा चालवणारी लोईस म्हणाली.

काकू उठल्या.

"मला मान्य नाही."

लोईसनं डोळे मिटले. मग म्हणाली, "प्रतिमा, तुझं म्हणणं ऐकलं. पण तू सभासद नाहीस. थांबवायचा हक्क सभासदांचा."

इतकी वर्षं याच बाकावर बसून काकू हे विसरूनच गेल्या होत्या. सभासद व्हायला, म्हणजे रीतसर क्वेकर व्हायला, अर्ज लागतो. तो त्यांनी कधी दिलाच नव्हता. लहानपणी वडिलांनी बजावलं होतं, 'सिस्टर शिकवतील ते सगळं शीक, सही मात्र कशावर करू नकोस.' वडील कधीच गेले. सही राहिली ती राहिलीच.

काकू खाली बसल्या. दुसरं कुणी उठलं नाही.

फोनवर शिवांगी उसळली, "आई, यार! इतकी वर्षं सभेला गेलीस आणि एक फॉर्म भरला नाहीस?"

"देव बदलायचा नव्हता गं मला."

"देव कोण मागत होतं? आता तरी इकडे शिफ्ट हो."

"तिकडे सगळे काकूच म्हणतील," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

संध्याकाळी डायरीत पुढे लिहिलं: चणे नीट शिजले नाहीत. कुकर पुन्हा लावला.